घरचा शब्द

मंगळवार, २१ जानेवारी २०२५. सकाळी धुके, नऊनंतर ऊन. सिलिंडर आला. माळी आला नाही. नूपुरचा बंगलोरहून फोन. तिच्या गौरांगला दुसरा दात दिसू लागला. मनकर्णा साडेपाचला आली. तिला आज केंद्रात प्रथमच चाचणीच्या खोलीत आत बसवले. कोथिंबीर एक जुडी. चटणी केली, मिरची जरा जास्त झाली.

चाचणीच्या खोलीत आत बसवले, यापुढे यमुताईंनी रोजच्या वहीत काही लिहिले नाही, कारण मनकर्णाने त्यांना तेवढेच सांगितले होते. आत काय झाले ते ती बोलली नाही. तिने चटणी वाटून दिली, मिक्सरचे भांडे धुऊन पालथे घातले आणि सातची कोराडीची बस गाठायला निघून गेली.

मनकर्णाच्या येण्याला आता एकोणीस वर्षे होत आली होती. ती मूळची भिवापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. नवऱ्याला कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी काम मिळाले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि रामदासपेठेतल्या यमुताईंच्या घरी त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना पाहायला म्हणून लागली. यमुताईंचे घराणे भोसल्यांच्या काळापासून नागपुरात, यजमान मधुसूदनराव तेव्हा ए.जी. या सरकारी ऑफिसात, आणि त्या स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. औषधे कुठली कधी द्यायची याचा तक्ता, तापाची नोंद, चादरीचे कोपरे कसे दुमडायचे, हे सगळे त्यांनी मनकर्णाला शिकवले. आणि बोलायला शिकवले. 'मले' नाही, 'मला'. 'काहून' नाही, 'का'. मनकर्णा शिकली. शिकण्याची तिला हौसच होती.

सासूबाई गेल्यावर मधुसूदनरावांनी ओळखीने तिला जवळच्या पुनर्वसन केंद्रात लावून दिले; संध्याकाळी यमुताईंकडे येणे मात्र चालूच राहिले. लकवा झालेली माणसे तिथे चालायला, घास घ्यायला, बोलायला नव्याने शिकायची. पहिल्याच आठवड्यात घाईगर्दीत तिच्या तोंडून "बारा नंबरले बेडपॅन पायजे" असे निघून गेले. सिस्टरांनी ते वाक्य सगळ्यांसमोर तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतले आणि सगळा वॉर्ड हसला. त्यानंतर चार महिने मनकर्णा केंद्रात तोंडातून शब्द काढत नव्हती. मान हलवून कामे करायची. तिला 'मुकी मावशी' असे नाव पडले. चार महिन्यांनी ती बोलू लागली ती एकदम स्वच्छ, एकही 'ले' नसलेली. तेव्हापासून केंद्रातली मनकर्णा मावशी वेगळी आणि कोराडीच्या बसमध्ये बायांशी गप्पा मारणारी मनकर्णा वेगळी. तिची श्वेता आता बारावीला होती. ती म्हणायची, "आई, तू डबल सिमवाली हायेस." मनकर्णा हसायची. तिला त्यात काही वावगे वाटत नसे. चप्पल दाराबाहेर काढावी तशी ती घरची बोली फाटकाबाहेर काढून ठेवायची आणि जाताना पायात घालायची.

मंगळवारी तिला चाचणीच्या खोलीत बसवले ते रुपरावांमुळे.

रुपराव भिवापूरचे, सदुसष्ट वर्षांचे. मिरचीच्या बाजारात त्यांची बोली प्रसिद्ध. एका दमात भाव पुकारत नेणारा तसला गळा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. नोव्हेंबरात लकवा झाला, उजवे अंग गेले आणि त्याबरोबर बोलणे गेले. सून माया त्यांना घेऊन नागपुरात खोली करून राहिली होती. केंद्रात बोलण्याच्या उपचाराच्या जागा आठच, आणि यादी लांबलचक. म्हणून नियम असा होता की डिसेंबरात एक चाचणी घ्यायची, जानेवारीत दुसरी. चाळीस गुणांमध्ये निदान सहा गुणांची वाढ असेल तर पुढचे तीन महिने जागा, नाहीतर घरी करायच्या व्यायामाचा कागद हातात देऊन रजा. डिसेंबरात रुपरावांना नऊ गुण होते. या खेपेला ते खुर्चीत उजवीकडे कलंडत होते, म्हणून खांद्याला आधार द्यायला मनकर्णा आत. बोलायचे मात्र नाही, खूण करायची नाही, असे गार्गी मॅडमनी बजावले.

गार्गी मॅडम स्पीच थेरपिस्ट. वय सव्वीस, पुण्याच्या, इथे येऊन तीन महिने झालेले. मुलगी मनापासून काम करणारी. पेशंटचे बोलणे ऐकू येईल तसे, अडखळण्यासकट, कागदावर उतरवून घ्यायची. तिच्यापुढे चित्रांची चाळीस कार्डे होती. गाय दाखवली, रुपराव म्हणाले, "गाय." बरोबर. हिरवी जुडी दाखवली. रुपराव थोडे थांबले, ओठ जुळवले आणि म्हणाले, "सांबार." गार्गीने लिहिले आणि पुढे फुली मारली. पेरूचे चित्र. "जाम." फुली. पातेले. "गंज." गार्गीने पेन क्षणभर थांबवले, मग फुली. बैलगाडी. "बंडी." फुली. झाडू दाखवला तेव्हा "फडा", भोपळा दाखवला तेव्हा "कोहळं". रुमालाचे कार्ड दाखवून, हा कुणाला हवा, असे विचारले तेव्हा त्यांनी डावा हात छातीवर ठेवून म्हटले, "मले." तीही फुली. चष्म्याला ते "खुर्ची" म्हणाले, लसणाला "कांदा". बाकीची काही कार्डे अशीच गेली, काहींना शब्दच आला नाही. शेवटी बेरीज अकरा.

गार्गीने मायाला बाहेर बोलावून हलक्या आवाजात सांगितले की शब्द येतायत, पण भलतेच येतायत, सगळी सरमिसळ होते आहे. शुक्रवारी अकराला मीटिंग आहे, पण फार आशा धरू नका. कुठला शब्द कशाला आला हे काही तिने सांगितले नाही. माया मान हलवत ऐकत राहिली.

आणि मनकर्णा? तिला त्या फुल्यांमध्ये काहीच खटकले नाही, हेच नवल. सांबार म्हणजे कोथिंबीर, जाम म्हणजे पेरू, हे तिला कळले नाही असे थोडेच? पण ते शब्द चूकच होते. तिला स्वतःला त्यावर फुल्या मिळालेल्या होत्या. तिला एवढेच वाटले की या बिचाऱ्या बाबाला वेळेवर कुणी सुधारले नाही. आणि सुधारणे तर तिला येत होते.

बुधवारी दुपारी व्यायाम झाल्यावर तिने रुपरावांची चाकाची खुर्ची गॅलरीच्या उन्हात नेली आणि त्यांना शिकवू लागली, अगदी यमुताईंनी तिला शिकवले होते तसे. सावकाश, न रागावता. "बाबा, म्हणा, कोथिंबीर. सांबार नाही म्हणायचं. को-थिं-बीर."

रुपरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिले. "को," ते म्हणाले. "को... को..." कपाळावर शीर उठली. चौथ्या खेपेला तोंडातून निघाले, "कोंबडी."

ते चुकले हे त्यांना त्याच क्षणी कळले. मनकर्णाला त्यांच्या डोळ्यांत ते कळलेले दिसले. तिने पेरू घेऊन पाहिला, पातेले घेऊन पाहिले. पण रुपरावांनी ओठ मिटून घेतले होते आणि तोंड भिंतीकडे वळवले होते. थकले असतील, असे म्हणून तिने खुर्ची आत नेली.

गुरुवारी सकाळी मायाने तिला जिन्यापाशी गाठले. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, काल काय झालं जी इथं? बाबाजीनं कालपासून तोंडच उघडलं नाई. परवापरेंत पानी तरी मांगत होते. आता मी इचारतो त भितीकडं पाहतेत."

मनकर्णाने सांगितले की थकवा असेल, होते असे, काळजी करू नका. सगळे तिच्या केंद्रातल्या स्वच्छ बोलीत. माया तिच्याकडे बघत राहिली, मग सहज म्हणून विचारले, "तुमी कुठल्या जी? गार्गी मॅडमच्या गावच्या काय?"

"इथलीच," मनकर्णा म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दिवसभर तिच्या हातून कामे होत होती, पण मन त्या मिटलेल्या ओठांपाशी होते. तसे ओठ तिच्या ओळखीचे होते. चार महिने ते तिच्याच तोंडावर होते.

संध्याकाळी यमुताईंच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी उभी होती. ही गाडी फाटकाच्या बाहेर, म्हणजे इथे मनकर्णा घरच्यासारखे बोलायची. रोजच्याप्रमाणे ती म्हणाली, "सांबार कसा देल्ला गा?"

भाजीवाल्याने जुडी उचलून पाणी झटकले आणि तिच्या पिशवीत टाकली. बस. शेजारी एक बँकेतले साहेब टमाटर निवडत होते, तेही म्हणाले, मलाही एक सांबार दे. भाजीवाल्याने त्यांनाही जुडी दिली. कुणी थांबले नाही, कुणी फुली मारली नाही. मनकर्णा पिशवी धरून तिथेच उभी राहिली, इतकी की भाजीवाल्याने विचारले, "काय झालं वं बाई, अजून काई पायजे काय?"

यमुताईंच्या घरी आल्यावर तिने चहा टाकला नाही. जमिनीवर बसली आणि मंगळवारपासूनचे सगळे सांगितले. फुल्या, अकरा गुण, गॅलरीतले कोथिंबीर-कोंबडी आणि आजचा भाजीवाला. म्हणाली, "ताई, त्या माणसाला येत होतं. जेवढं येत होतं तेवढं मी बंद केलं."

यमुताई ऐकून घेत होत्या. मग उठल्या आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून वही काढली. त्यांच्या एकोणसाठ वर्षांच्या वह्या तिथे वर्षवार लावलेल्या होत्या. २००६ ची निळ्या पुठ्ठ्याची वही. पान सापडायला वेळ लागला नाही. चष्मा लावून त्यांनी वाचले: "रविवार, ९ जुलै. दिवसभर पाऊस. आईंना भात जास्त गेला. मनकर्णा कोथिंबिरीला सांबार म्हणते. दहा वेळा कोथिंबीर म्हणून घेतले. मुलगी आज्ञाधारक आहे."

त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "मला पंचवीस वेळा लिहायला लावलं होतं. पाचवीत होते. मराठीच्या बाई तुझ्या त्या गार्गीच्याच गावच्या होत्या."

मनकर्णाला आधी कळेना. "तुम्ही काय म्हणत होता, ताई?"

"आमच्या घरी सगळेच सांबार म्हणायचे. या घरीसुद्धा. सासूबाई तुझ्याशी बोलायच्या तेव्हा तुम्हा दोघींना वाटायचं मी स्वयंपाकघरात आहे, मला ऐकू येत नाही. शेवटच्या वर्षी त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. मी पाणी देऊ का विचारलं तर डोळे मिटायच्या. आणि तुझ्याजवळ मात्र 'मले पानी दे वं' म्हणायच्या. मी ते कुठेच लिहून ठेवलं नाही."

त्यांनी वही कपाटात परत ठेवली, जिथली तिथे. मग विचारले, उद्या मीटिंग किती वाजता. अकराला, मनकर्णा म्हणाली. मग साडेनऊला जा, यमुताई म्हणाल्या, आणि त्या मुलीला चारचौघांत काही बोलू नकोस. तिला जे शिकवलं तेच ती करते आहे. तुझ्यासारखं आणि माझ्यासारखं. चहा शेवटी त्यांनीच टाकला. जुडी तशीच पिशवीत राहिली.

शुक्रवारी मनकर्णाने आदल्या रात्री मनात जुळवलेली वाक्ये घेऊन गार्गीचे दार वाजवले. गार्गी मीटिंगचे कागद लावत होती. रुपरावांचे नाव काढताच ती म्हणाली की मावशी, मलाही वाईट वाटतंय, पण चाचणीत मदत केलेली चालत नाही.

"मदत नाही, मॅडम. एक विचारू? भाजीवाल्याकडे सांबार मागितला तर काय मिळेल?"

गार्गी हसली. "भाजीवाल्याकडे सांबार कशाला मिळेल? हॉटेलात मिळेल."

मनकर्णाने पिशवीतून कालची जुडी काढली. रात्रभरात जरा मलूल झालेली. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "हा सांबार."

गार्गी जुडीकडे बघत राहिली. मग तिने फायलीतून मंगळवारचा कागद काढला आणि खुर्ची ओढून मनकर्णाला शेजारी बसवले. या सतरा वर्षांत त्या खोलीतल्या खुर्चीवर मनकर्णा प्रथमच बसली. गार्गी बोट ठेवत गेली, मनकर्णा सांगत गेली. जाम म्हणजे पेरू. गंज म्हणजे पातेले, आमच्याकडे लोखंडाला लागतो तो जंग. बंडी म्हणजे बैलगाडी. "मला वाटलं, जाकीट म्हणतायत," गार्गी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. 'मले' या शब्दापाशी आल्यावर मनकर्णाचे बोट जरा थांबले. "हे मला, मॅडम. आम्ही सगळे असंच म्हणतो. मी पण."

"तुम्ही तर नाही म्हणत."

"म्हणते," मनकर्णा म्हणाली. "बसमध्ये."

गार्गीला आता हुरूप आला होता. प्रत्येक फुली पुसायच्या तयारीतच ती पुढे सरकत होती. लसणापाशी येऊन तिने विचारले, "कांदा म्हणजे तुमच्याकडे लसूण?"

"नाही. ते चुकलं."

"आणि चष्म्याला खुर्ची?"

"ते पण चुकलं. ते आजारानं. ती फुली राहू द्या."

गार्गीने त्या दोन फुल्यांभोवती गोल केला. मग तिने डिसेंबरचाही कागद काढला. शब्द ऐकले तसे लिहून ठेवायची तिची सवय आता कामाला आली. डिसेंबरचे नऊ होते ते पंधरा झाले, जानेवारीचे अकरा होते ते तेवीस. वाढ आठ गुणांची. हवी होती सहाची. गार्गीने बेरीज तीनदा केली आणि कागद घेऊन तडक विभागप्रमुखांकडे गेली. मनकर्णाला हाताला धरून नेले.

विभागप्रमुख डॉक्टर उन्मेष. मूळ नागपूरचेच, महालातले. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची आजीसुद्धा सांबारच म्हणायची, असे ते म्हणाले. हा कार्डांचा संच नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच मागवला होता. नऊ वर्षे कागद त्यांच्या सहीने पुढे जात होते आणि ते फक्त खालचा आकडा बघत होते. हे ते कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत. पण मग त्यांनी खरी अडचण काढली. नोंदीत लिहिले होते की पेशंट दोन दिवसांपासून अजिबात बोलत नाही. कागदावर आठ गुण वाढले खरे, पण आज माणूस मुका असेल तर समितीपुढे ते काय दाखवणार?

"ते माझ्यामुळं मुके आहेत, सर," मनकर्णा म्हणाली, आणि गॅलरीतले सगळे सांगितले. तिला वाटले होते, सर रागावतील. त्यांनी घड्याळ पाहिले. सव्वादहा. चला, म्हणाले, बघू या.

रुपराव खिडकीपाशी खुर्चीत होते, तोंड भिंतीकडे. माया त्यांच्या पायाशी स्टुलावर. गार्गीने मनकर्णाच्या हातात कार्डे दिली आणि स्वतः वही घेऊन मागे उभी राहिली. मनकर्णाने समोर बसून जुडीचे कार्ड धरले. "बाबा, हे काय आहे?"

काही नाही. डोळेसुद्धा हलले नाहीत.

तिने पुन्हा विचारले. भिंतीवरचे घड्याळ तेवढे वाजत होते. मागे डॉक्टर होते, मॅडम होत्या, दाराशी सिस्टरही येऊन उभ्या राहिल्या होत्या. बारा नंबरचे बेडपॅन मनकर्णाला आठवले, ते हसणे आठवले. मग तिने समोरची खुर्ची उचलली आणि रुपरावांच्या बाजूला, त्यांच्या चांगल्या अंगाला लावली. बाजारात पोत्यांवर शेजारी बसावे तशी बसली.

"बाबा," ती म्हणाली, "मी बी भिवापूरच्या अल्याडचीच होय गा. सांगितलं नाई तुले. चुकलं माह्यं."

मायाने मान वर केली. रुपरावांची मान हळूहळू भिंतीकडून वळली आणि मनकर्णाच्या तोंडावर स्थिर झाली.

मनकर्णाने बैलगाडीचे कार्ड वर धरले. "हे पाय. हा जाम होय, नाई काय?"

रुपरावांच्या कपाळाला आठी पडली.

"नाई? मंग कोहळं असन. मले त कोहळंच दिसून राहिलं. चाकं हायेत, पन कोहळंच होय."

रुपरावांनी तिच्याकडे असे पाहिले की जणू कुणी ओल्या मिरचीला कोरडीचा भाव सांगितला. ओठ उघडले. "बं," ते म्हणाले. "बंडी. बंडी वं."

"बंडी? बरं बाप्पा, बंडी त बंडी." तिने जुडीचे कार्ड काढले. "आन् हे फडा होय. आंगन झाडाचा."

"सांबार." या वेळी अडखळले नाहीत.

"मंग हे जे गोल हाये, हा गंज असन."

तो पेरू होता. रुपरावांनी डावा हात उचलला, कार्ड तिच्या हातातून काढून घेतले आणि आपल्या मांडीवर पालथे ठेवले. मग एकेक शब्द ओढून आणत म्हणाले, "तुले... काई... येत नाई."

माया हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर उन्मेष खिडकीकडे वळले. गार्गी भराभरा लिहीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हे वाक्य आहे. लकव्यानंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य."

"खरंच होय ते बाबा," मनकर्णा म्हणाली, "मले काईच येत नाई. तूच सांग आता."

अकराच्या मीटिंगमध्ये मनकर्णाला अर्थातच कुणी बोलावले नाही. ती दोन पेशंटना खाली एक्स-रेला घेऊन गेली. बाराला गार्गी जिन्यात भेटली आणि एप्रिलअखेरपर्यंत रुपरावांची जागा पक्की झाल्याचे सांगून दोन पायऱ्या वर जाऊन पुन्हा खाली आली. चाचणीच्या कागदावर आणखी एक रकाना घालायचा ठरला होता. नवा पेशंट आला की चाचणीच्या आधी घरच्यांजवळ बसून चाळीसही चित्रांना ते काय म्हणतात ते त्या रकान्यात लिहायचे, आणि ते मनकर्णाने लिहायचे. रकान्याला नाव काय द्यावे यावर मात्र बैठकीत एकमत झाले नव्हते. कुणी 'प्रादेशिक रूप' म्हणाले, एकजण 'अशुद्ध रूप' म्हणाले, त्यावर सर त्यांच्याकडे नुसते बघत राहिले.

"तुम्ही काय म्हणाल?" गार्गीने विचारले.

मनकर्णाने विचार केला नाही. "घरचा शब्द," ती म्हणाली. गार्गीने तळहातावर लिहून घेतले.

दुपारी सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलत तिच्याजवळून गेल्या. त्याच सिस्टर, आता निवृत्तीला आलेल्या. जाता जाता म्हणाल्या, "काय मावशी, आज एकदम गाववाली?"

"हाव," मनकर्णा म्हणाली. "बारा नंबरले बेडपॅन देऊन येतो."

सिस्टर थांबल्या. मग त्याही हसल्या, पण या हसण्याला त्या दिवसाचा वास नव्हता. किंवा असेलही, मनकर्णाला तो आला नाही.

संध्याकाळी यमुताईंकडे तिने सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. रुपरावांचा कार्ड पालथे घालणारा डावा हात करून दाखवला, गार्गीचे लाल कान सांगितले. सांगता सांगता ती फाटकाबाहेर ठेवायची ती बोली आतच घेऊन आली होती, हे तिच्या लक्षातही आले नाही. यमुताईंच्या आले. त्यांनी एकही शब्द सुधारला नाही. एकदाच म्हणाल्या, "काहून थांबलीस? पुढे सांग न."

मग बसची वेळ होत आली. कालची मलूल जुडी दिवसभर केंद्रात हिंडून आली होती. मनकर्णाने तिच्यातली बरी पाने निवडून उकळत्या वरणात टाकली. येताना आणखी एक ताजी आणली होती, ती कपड्यात बांधून फ्रिजमध्ये ठेवली. यमुताई खिडकीपाशी वही घेऊन बसल्या होत्या. त्यांचा पाण्याचा पेला टेबलावर ठेवताना मनकर्णाची नजर वहीवर गेली. आजची शाई अजून ओली होती. शेवटची ओळ तिने उभ्याउभ्या वाचली.

"सांबार दोन जुड्या. एक सुकली होती, ती वरणात घातली. दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली."